सोलापूरहून छोट्या सहली, मोठा देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. आमची ही शाळेत शिकवते. दोघांच्या सुट्ट्या जुळतात त्या वर्षातून तीन-चार वेळा, आणि त्याही दोन-तीन दिवसांच्या. गेली अठरा वर्षं आम्ही तेवढ्यातच फिरतोय. त्यामुळे लग्नात, बारशात, गच्चीवर पापड वाळत घालताना लोक तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

दोन-तीन दिवसांत काय बघून होणार? देश केवढा मोठा!

मोठा आहेच. उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर. २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश. अरुणाचलात सूर्य उगवतो तेव्हा द्वारकेत उजाडायला जवळजवळ दोन तास असतात. हे सगळं बघून संपवायचं असं डोक्यात घेतलं तर माणूस घरीच बसतो. आमचा हिशेब साधा आहे. एका सहलीत एकच गाव, आणि त्याच्या आजूबाजूला तासाभरात पोचता येईल तेवढं. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी उतरायचं, दोन दिवस पायी आणि रिक्षाने फिरायचं, पुन्हा रात्रीची गाडी. सोमवारी मी टेबलावर हजर.

मग टूर कंपनीबरोबर एकदाच दहा-बारा दिवस जाऊन मोकळं का होऊ नये?

गेलो होतो. उत्तर भारत, अकरा दिवस. कंपनीचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, जेवणही वेळेवर मिळायचं. पण रोज पहाटे पाचला चहा, साडेपाचला बस. खिडकीतून डाव्या हाताला हे, उजव्या हाताला ते. उतरायचं, फोटो, शिट्टी वाजली की पळत बसमध्ये. आणि कळस म्हणजे आग्र्याचा दिवस आला शुक्रवारी. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, हे आम्हाला बसमध्ये कळलं! मग यमुनेच्या पलीकडच्या मेहताब बागेतून लांबून दाखवला. शेजारच्या सीटवरच्या बार्शीच्या आजी गुडघ्याला बाम चोळत म्हणाल्या, ‘‘कॅलेंडरवर यापेक्षा मोठा दिसतो की ओ.’’

तेव्हापासून कुठेही जायचं तर आधी साप्ताहिक सुट्टी बघतो. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद. हे आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

पहिलीच वेळ आहे, सुरुवात कुठून करावी?

विजयपूर. आपण अजून विजापूरच म्हणतो. जेमतेम शंभर किलोमीटर, गाडी आहे, एसटी आहे, कर्नाटकची बस आहे. मुक्काम नको असेल तर एका दिवसातही होतं, पण एक रात्र राहाच. कारण गोलघुमटात सकाळी उघडल्या उघडल्या जायला हवं. दहानंतर शाळांच्या सहली येतात, आणि प्रत्येक पोराला आपला आवाज घुमवून बघायचाच असतो.

कोपऱ्यातल्या अष्टकोनी मनोऱ्यातून जिना आहे, सात मजले. पायऱ्या उंच आणि अरुंद, पण दम खात खात साठीची माणसंही चढतात. वर घुमटाच्या आतल्या बाजूने गोल सज्जा आहे. बाहेरून घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. ही सज्जाच्या एका टोकाला उभी राहिली, मी बरोबर समोरच्या टोकाला भिंतीला कान लावून. म्हटलं, आता काहीतरी गोड ऐकायला मिळणार. भिंतीतून स्वच्छ आवाज आला, ‘‘गॅस बंद केला होता का?’’

घुमट मोहम्मद आदिलशहाचा, काम थांबलं १६५६च्या सुमारास. तिथून इब्राहिम रोजा आणि मग मुलूखमैदान तोफ. तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, काही काळ आपल्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून विजापुरात गेली. म्हणजे ही तोफ आपल्याच भागातून गेलेली पाहुणी आहे.

विजापूर झालं. पुढे?

बदामी. माझं मत विचाराल तर सोलापूरकरासाठी याहून चांगली तीन दिवसांची सहल नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

होटगीवरून गदगकडे जाणारी लाइन विजापूर, बागलकोट, बदामी अशी जाते. पंढरपूरहून म्हैसूरला जाणारी गोलघुमट एक्स्प्रेस याच वाटेची. दुपारनंतर सोलापूर सोडलं की रात्री बदामी. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे, रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा.

पहिला दिवस बदामीचाच. लाल दगडाचे दोन डोंगर, मध्ये अगस्त्य तलाव, डोंगरात कोरलेल्या चार लेण्या. तिसऱ्या लेणीत शिलालेख आहे, इसवी सन ५७८चा. चालुक्यांची ही राजधानी. संध्याकाळी चारनंतर जा, उन्हं तिरपी झाली की दगडाचा रंग विटेवरून केशरीवर येतो. माकडांपासून पिशवी सांभाळा. आमची बिस्किटं, चष्म्याचं घर आणि एक नवा कोरा टॉवेल माकडांनी नेला. टॉवेल आमच्याच कारखान्याचा होता.

दुसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे. पट्टदकल बदामीहून बावीसेक किलोमीटर, ऐहोळे त्याच्या थोडं पुढे. पट्टदकलला मलप्रभेच्या काठी एकाच आवारात उत्तरेकडच्या धाटणीची शिखरं आणि दक्षिणेकडची विमानं, म्हणजे मजल्यामजल्यांचे कळस, शेजारीशेजारी उभी आहेत. विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधवलं, नवरा विक्रमादित्य कांचीचे पल्लव जिंकून आला म्हणून. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर ६३४ सालचा रविकीर्तीचा लेख आहे, पुलकेशीचं गुणगान करणारा. मंदिरं मोजत बसू नका. तीन-चारच घ्या आणि त्यांच्या सावलीत बसा.

परत येताना बनशंकरी. सोलापुरातल्या कितीतरी विणकर घरांची ही देवी. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात. पातळ कडक ज्वारीची भाकरी, मातीच्या बोळक्यात लावलेलं दही, पालेभाजी, चटणी. ही मराठीत विचारत होती, बाई कन्नडमध्ये सांगत होती. मध्येच दोघींच्या तोंडून एकदम एकच शब्द आला, ‘‘शेंगा.’’ चटणी शेंगदाण्याचीच होती. त्यांच्याकडेही शेंगाच म्हणतात. मग बाईने आमच्या डब्यातली सोलापुरी चटणी चाखली, मान हलवली आणि अजून एक भाकरी वाढली. पैसे मात्र पूर्ण घेतले.

हंपीला जावं का? लोक म्हणतात नुसते दगड आहेत.

दगडच आहेत, पण एक गोष्ट माहीत करून जा. परंपरेने असं सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. हंपीच्या विठ्ठल मंदिरात आज गाभारा रिकामा आहे. आपल्यासारख्या पंढरपूरच्या शेजाऱ्याने त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभं राहून बघावं, काय वाटतं ते. आवारातला दगडी रथ पन्नासच्या नोटेवर आहे. उतरायचं होसपेटेला, तिथून हंपी तेराएक किलोमीटर. दोन पूर्ण दिवस हवेत. एप्रिल-मेमध्ये चुकूनही नको.

हैदराबादकडे काय?

सगळ्यांना चारमिनार आणि बिर्याणी ठाऊक आहे, त्यावर मी काय लिहू. गोवळकोंड्याला मात्र फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवून वर बालाहिसारला ऐकू येते का, ते घरच्यांना वाटून घेऊन करून बघा.

मी सांगेन ते वाटेतलं. हैदराबाद रस्त्यावर उमरगा ओलांडलं की बसवकल्याण लागतं. बाराव्या शतकात इथल्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, बसवेश्वर, अल्लमप्रभू यांच्याबरोबर आपले सिद्धरामेश्वर होते, सोन्नलगीचे, म्हणजे सोलापूरचे. दर संक्रांतीला आपण ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत मिठाई खातो, त्यांची कन्नड वचनं तिकडे शाळेतली पोरं म्हणतात. पुढे बिदर. महमूद गवानचा मदरसा १४७२चा, आणि काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवणारे बिदरी कारागीर. दुकानात भाव करण्याआधी कारागिराकडे दहा मिनिटं बसा. किल्ल्यातली माती लावून धातू काळा करतात, ते बघितल्यावर भाव करायला जीभ रेटत नाही.

उत्तर भारत एवढ्या कमी दिवसांत कसा जमणार?

एका गाडीवर. कर्नाटक एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी करत दिल्लीला जाते. आपण सगळे दिल्लीचं तिकीट काढतो आणि वाटेत झोपतो. आम्ही उलट केलं, दर वेळी दिल्लीच्या अलीकडच्या एकेका स्टेशनावर उतरलो.

पहिल्यांदा भोपाळ. तिथून सांची आणि भीमबेटका, दोन्ही पन्नास किलोमीटरच्या आत. सांचीचा स्तूप दोनशेच्या नोटेवर आहे. एकच अडचण, गाडी भोपाळला मध्यरात्रीच्या आसपास पोचते, म्हणून स्टेशनातली रिटायरिंग रूम आधीच धरली. पुढच्या वेळी झाशी, तिथून ओरछा हाकेच्या अंतरावर. मग ग्वाल्हेर. शेवटी आग्रा, आणि तेही बुधवारी. जाऊन-येऊन दोन रात्री गाडीत जातात, म्हणून याला पाच दिवस धरा. दिवाळीच्या सुट्टीत जमतं.

तिकिटंच मिळत नाहीत, त्याचं काय?

इथे सोलापूरकराचं दुखणं वेगळं आहे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या आपल्याकडे अर्ध्या वाटेवर येतात, त्यामुळे आपल्याला कोटा कमी आणि वेटिंगही आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांचं) किंवा पीक्यूडब्ल्यूएल (अनेक स्टेशनांच्या सामायिक कोट्याचं) प्रकारचं मिळतं. ते लवकर कन्फर्म होत नाही. वीसचं वेटिंग बघून ‘‘होईल की’’ म्हणणारा मेव्हणा प्रत्येक घरात असतो, त्याचं ऐकू नका.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. तात्काळ एक दिवस आधी, एसीचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. पण तो ‘एक दिवस’ गाडी जिथून सुटते तिथला. कर्नाटक एक्स्प्रेस शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरू सोडते आणि शनिवारी सकाळी सोलापुरात येते, म्हणजे शनिवारी चढायचं असेल तर तात्काळ गुरुवारी. हे न कळल्यामुळे आमची एक सहल वाया गेली आणि घरात आठवडाभर शांतता होती.

भाषेचं कसं करता?

सोलापूरकराने हा प्रश्न विचारू नये! गल्लीत कन्नड, पूर्व भागात तेलुगू, बाजारात मराठी आणि हिंदीची मिसळ ऐकत आपण वाढलो. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘ऊटा’ म्हणजे जेवण, एवढ्यावर अर्धा कर्नाटक होतो. कारखान्यातल्या पद्मशाली सहकाऱ्याने मला तेलुगूत पाणी मागायला शिकवलं, ‘नीळ्ळु’. बाकी खाणाखुणा.

खाण्याचं?

पहिल्या रात्रीचं घरून. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, कांदा. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पण डब्यात नको, कापडात बांधा. डब्यात मऊ पडते. दुसऱ्या दिवसापासून तिथलं खा. ओरछ्यात जाऊन वरण-भात शोधणाऱ्यांबरोबर आम्ही जात नाही.

मुलांना देवळं-किल्ल्यांचा कंटाळा येतो.

आमच्या लेकीलाही यायचा. मग तिच्या हातात नोटा दिल्या. दहाच्या नोटेवर कोणार्क, वीसच्या वेरूळ, पन्नासच्या हंपी, शंभरच्या पाटणची रानी की वाव, दोनशेच्या सांची, पाचशेच्या लाल किल्ला. नोट हातात धरून ती समोरची वास्तू जुळवून बघायची, कोणत्या बाजूने चित्र काढलं असेल ते शोधायची. चार झाल्या, कोणार्क आणि पाटण राहिलंय. दोन हजारच्या नोटेवर मंगळयान होतं. तिला म्हटलं, ते तुझं तू बघ.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा.

आई-बाबांना न्यावं का?

न्यावं, पण त्यांची सहल वेगळी आखावी. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी दोन तास आडवं व्हायला खोली, आणि खालचा बर्थ. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, तिच्या भरवशावर राहू नका. आई बदामीच्या लेण्या चढली नाही. तलावाच्या पायरीवर बसून धुणं धुणाऱ्या बायका बघत राहिली. घरी आल्यावर सगळ्यांत जास्त तीच सांगत होती.

खर्च किती येतो?

गाडीभाडं आणि खोली, याच दोन गोष्टी. बघायला फारसे पैसे लागत नाहीत. गोलघुमटाचं तिकीट २५ रुपये, हंपीच्या विठ्ठल मंदिराचं ४०. पैसा जातो तो दिवसभराच्या खासगी गाडीवर. तिथल्या सरकारी बसने गेलात तर निम्मा वाचतो. गाइड मात्र पट्टदकलला आणि सांचीला करा. स्वस्तात पडतो आणि डोळे उघडतो.

स्वतःची कार?

दोनशे किलोमीटरच्या आत असेल तर चांगली. त्यापुढे चालवणाऱ्याची सहल होत नाही. आणि तो चालवणारा मीच असतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत गड्ड्याची यात्रा सोडून सोलापूरकर जात नाही, तेव्हा संक्रांतीनंतर बघा. शाकंभरी पौर्णिमेला बनशंकरीची मोठी यात्रा असते, गर्दी चालत असेल तरच त्या दिवसांत बदामी. कोजागरीच्या आधी तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, त्या रात्री त्या बाजूला गाडी काढू नका.

एकच रविवार मोकळा आहे, तर?

पावसाळ्यात नळदुर्ग. बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटात पाणीमहाल, आणि पाणी भरलं की नर आणि मादी असे दोन धबधबे. आत महालात उभं राहिलं की डोक्यावरून पाणी जातंय हे कानाला कळतं.

इतर वेळी हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. इथल्या शिलालेखावर शके ९४०, म्हणजे १०१८ साल आहे, आणि त्यात मराठी ओळ आहे. माहीत असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत याची गणना होते. शेकडो छोटी मुखं कोरलेलं शिवलिंगही तिथेच. लोक लंडनला जाऊन येतात आणि कुडलला गेलेले नसतात.

काश्मीर, ईशान्य, अंदमान असल्या छोट्या सहलीत बसतं का?

तीन दिवसांत नाही बसत. ओढूनताणून बसवू नका. पुणे किंवा हैदराबादहून विमान, सात दिवस, आणि एकच खोरं किंवा एकच बेट. आम्ही मेघालयात फक्त चेरापुंजीच्या बाजूला पाच दिवस होतो, त्यातले तीन पावसात. लोक विचारतात, काझीरंगा नाही केलं? नाही केलं.

आता पुढची कुठे?

वरंगळ. रात्री सोलापुरात कोणार्क एक्स्प्रेसला बसलं की सकाळी तिथे. पालमपेटचं रामप्पा मंदिर १२१३चं, २०२१मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्याच्या शिखराच्या विटा पाण्यावर तरंगतात असं सांगतात. लेकीने बादली न्यायची का, असं विचारलंय. तिकीट स्लीपरचं, तीन बर्थ, एक साइड अपर. तो माझा.